अकरा महिन्यांनंतर: सीडी नसलेला कन्सोल आणि गेमवरचे कुलूप

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात परभणीत एका संध्याकाळी जोराचे वावधान सुटले, आमच्या गल्लीतील लिंबाची मोठी फांदी मोडली आणि तिच्याबरोबर इंटरनेटची फायबर वायरही खाली आली. वीज दोन तासांत आली, इंटरनेटला मात्र चार दिवस लागले. शनिवार-रविवार घराबाहेर पडण्याजोगे हवामान नव्हते, म्हणून मी निवांतपणे टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल लावला. त्यात सात गेम पूर्ण डाउनलोड करून ठेवलेले होते, सातही पैसे मोजून घेतलेले होते आणि त्यांपैकी पाच एकट्यानेच खेळायचे असल्यामुळे त्यांना इंटरनेटचे काही कामच नव्हते. त्या दिवशी सातांपैकी एकही उघडला नाही. प्रत्येक गेमच्या चित्रावर एक छोटे कुलूप दिसत होते आणि परवाना तपासता येत नसल्यामुळे गेम सुरू करता येणार नाही, असा संदेश येत होता. त्या कुलपामुळेच मी आज हा अनुभव लिहायला बसलो आहे.

कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. परवान्याची ही पद्धत थोड्याफार फरकाने सगळ्याच मोठ्या कंपन्यांनी स्वीकारलेली आहे, त्यामुळे एकीचे नाव घेतल्यास वाचक दुसरीकडे निर्धास्तपणे वळतील. प्रोसेसर, साठवण, चित्राचा दर्जा या गोष्टी सर्वांना ठाऊक असतात, त्यांत मी वेळ घालवणार नाही.

२०२४ च्या पोळ्याच्या आठवड्यात नांदेडच्या एका दुकानातून मी हा कन्सोल घेतला. सीडी लागणारा प्रकार आणि सीडी नसलेला प्रकार यांच्या किमतींत त्या दुकानात सुमारे आठ हजार रुपयांचा फरक होता. मी बराच वेळ दोन्ही खोकी पुढे ठेवून विचार करत होतो. दुकानदार म्हणाला, "आता सीडी कोण घ्यायलंय सर? समदं नेटवरच मिळतंय." आठ हजार रुपये ही माझ्यासाठी लहान रक्कम नाही. मुलीच्या शाळेच्या बसचे जवळपास वर्षभराचे भाडे त्यात निघते. मी स्वस्त प्रकार घेतला आणि पहिले सात महिने त्या निर्णयाबद्दल समाधानी होतो.

त्या सात महिन्यांविषयी चांगलेच लिहिले पाहिजे. यंत्र अतिशय शांत चालते. पूर्वीच्या कन्सोलचा पंखा असा ओरडत असे की शेजारच्या खोलीत आई जागी होई, हा मात्र मार्चच्या दुपारीही चालू आहे की बंद, ते कळत नाही. गेम उघडायला काही सेकंद लागतात. कंट्रोलरची पकड उत्तम आहे आणि माझ्या बारा वर्षांच्या मुलीच्या हातालाही तो जड होत नाही. धुळीची मला भीती होती, पण पंधरा दिवसांतून एकदा मऊ ब्रशने मागची जाळी पुसणे पुरेसे ठरले.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात विजेचा दाब एकदम वाढला आणि कन्सोल बंद पडला. टीव्हीला स्टॅबिलायझर होता, कन्सोलला नव्हता, ही चूक माझी. वॉरंटी एक वर्षाची असल्यामुळे दुरुस्ती फुकट होती, पण सर्व्हिस सेंटर पुण्यात. रात्रभर रेल्वेत यंत्र मांडीवर घेऊन मी ते तेथे पोहोचवले आणि २४ दिवसांनी मला त्याच बनावटीचे दुसरे यंत्र मिळाले. मुख्य बोर्ड जळाल्यामुळे जुने दुरुस्त करण्यापेक्षा बदलून देणे सोपे होते, असे सांगण्यात आले. त्या वेळी मला ही सेवा समाधानकारकच वाटली, कारण या उद्योगाचा पूर्वेतिहास मला माहीत आहे. २००५ साली आलेल्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलमध्ये तीन लाल दिवे लागून यंत्र मरण्याचा दोष एवढा पसरला होता की जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला त्या दोषापुरती वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरांहून अधिक रकमेची तरतूद करावी लागली. त्या मानाने माझे २४ दिवस सुसह्य होते. कुलपाचे मूळ मात्र याच अदलाबदलीत होते आणि ते मला जूनमध्ये कळले.

आपल्या खात्यावर घेतलेले गेम इंटरनेटविना चालण्यासाठी एक यंत्र 'मुख्य' म्हणून नोंदवावे लागते. त्या यंत्रावर घरातील इतरांनाही ते गेम खेळता येतात. दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर खातेदाराने स्वतः लॉगिन केलेले असावे लागते आणि प्रत्येक वेळी सर्व्हरकडून परवाना तपासून घ्यावा लागतो. माझी 'मुख्य' नोंद जळालेल्या यंत्रावरच राहिली होती. पैसे मी दिले, गेम माझ्या घरातील यंत्रात साठवलेले आहेत, परंतु ते खेळण्याचा पक्का हक्क पुण्यात कुठेतरी पडलेल्या, कधीही चालू न होणाऱ्या एका खोक्याकडे होता. नोंद बदलण्याची सोय आहे, पण ती ठरावीक काळात एकदाच वापरता येते आणि मी ती फेब्रुवारीत मुलीचे खाते उघडताना नकळत वापरून बसलो होतो. सर्व्हिस सेंटरला फोन केला तेव्हा तेथील तंत्रज्ञाने सौजन्याने सांगितले, "जुनं मशीन आमच्याकडे राहिलेलं नाही सर, ते वरती पाठवलंय."

मोबाइलचा हॉटस्पॉट जोडल्यावर माझ्या खात्यावरून गेम सुरू होत होते, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. मुलीच्या खात्यावर मात्र ते तेव्हाही उघडले नाहीत आणि प्रत्येक वेळी माझा फोन घरी ठेवूनच तिला माझ्या नावाने खेळावे लागे. कंपनीच्या ग्राहक सेवेशी माझे १९ दिवस पत्रव्यवहार चालला. पहिल्या उत्तरात ४८ तास थांबायला सांगितले, दुसऱ्यात यंत्राचा अनुक्रमांक मागितला, तिसऱ्यात पुन्हा तोच अनुक्रमांक मागितला. शेवटी मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यानंतर नवव्या दिवशी जुन्या यंत्राची नोंद रद्द करून नवे यंत्र मुख्य करण्यात आले. यंत्र बदलून देताना त्याच टेबलावर हे काम पाच मिनिटांत झाले असते, आणि ही गोष्ट मला अजूनही सलते.

या काळात मी परवान्याच्या अटी पहिल्यांदा पूर्ण वाचल्या आणि गेल्या काही वर्षांतील बातम्या माझ्यासाठी नव्याने उलगडल्या. २०१३ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन हा कन्सोल जाहीर केला तेव्हा दर २४ तासांतून एकदा इंटरनेटवर हजेरी लावण्याची आणि वापरलेल्या डिस्क देण्या-घेण्यावर निर्बंध घालण्याची योजना होती. खेळाडूंनी एवढा विरोध केला की त्याच वर्षी १९ जूनला कंपनीने ती मागे घेतली. मी तेव्हा संभाजीनगरला, त्या वेळच्या औरंगाबादला, शिकत होतो आणि वसतिगृहात आम्ही तो आपलाच विजय मानला होता. आज तीच तपासणी सौम्य रूपात आपण स्वतःहून विकत घेत आहोत, आणि यावेळी ती लादावीही लागली नाही, कारण सीडीची खाच नसलेला प्रकार आठ हजारांनी स्वस्त ठेवला की पुरते.

युबिसॉफ्ट या गेम बनवणाऱ्या कंपनीच्या 'द क्रू' या मोटार शर्यतीच्या गेमचे प्रकरण याहून गंभीर आहे. डिसेंबर २०१४ मध्ये आलेला हा गेम एकट्याने खेळतानाही सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केले आणि डिस्क विकत घेतलेल्या माणसालाही तो उघडता येईनासा झाला, इतकेच नव्हे तर पुढे अनेकांच्या खात्यांतून त्याचा परवानाही काढून घेण्यात आला. त्यातूनच यूट्यूबर रॉस स्कॉट यांनी 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली आणि युरोपीय संघातील तिच्या अधिकृत नागरिक याचिकेने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. विक्री बंद केल्यानंतरही गेम खेळण्याजोगा राहील अशी व्यवस्था करून मगच कंपनीने हात काढून घ्यावा, एवढीच त्यांची मागणी आहे. माझ्याकडे जूनमध्ये जे चार दिवस घडले, ते त्या खेळाडूंकडे कायमचे घडले आहे.

शब्दांचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये एक कायदा केला, ज्यानुसार केवळ परवाना मिळणार असेल तर ग्राहकाला तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी' हा शब्द वापरता येत नाही. त्यानंतर स्टीम या संगणकावरील गेमच्या ऑनलाइन दुकानाने पैसे भरण्याच्या पानावरच, तुम्हाला मिळतो तो परवाना, अशी सूचना दाखवायला सुरुवात केली. आपल्याकडेही अशी सूचना मराठीतून यावी, असे मला मनापासून वाटते. नांदेडच्या दुकानात ती माझ्यासमोर असती तर मी आठ हजारांचा विचार वेगळ्या रीतीने केला असता.

इथपर्यंत लिहून मी हा मजकूर दोन आठवडे ठेवून दिला होता, कारण माझा पहिला निष्कर्ष 'सीडीचाच प्रकार घ्या' असा सरळ होता आणि हिशेब मांडल्यावर तो डळमळीत झाला. अकरा महिन्यांत सात गेमवर माझे १९,४९४ रुपये गेले. त्यांतील दोन नवे असताना प्रत्येकी ४,९९९ रुपयांना घेतले होते. तेच दोन गेम माझ्या मावसभावाने सीडीवर त्याच किमतीत घेतले, पूर्ण खेळून झाल्यावर विकले आणि दोन्ही मिळून ६,००० रुपये परत मिळवले. म्हणजे माझ्या आठ हजारांच्या बचतीतले सहा हजार या दोनच गेमनी खाल्ले. उरलेले पाच मात्र मी सवलतीच्या काळात ९,४९६ रुपयांत घेतले आणि त्यांच्या सीडीसाठी मला साधारण साडेतीन हजार जास्त मोजावे लागले असते. पैशांच्या बाबतीत मी तोट्यात नाही, हे मान्य करतो. तक्रार उरते ती हक्काबद्दलची.

सीडी हा सुद्धा पुरता इलाज नाही. मी कन्सोल घेतला त्याच आठवड्यात सोनीने 'कॉनकॉर्ड' हा फक्त इंटरनेटवरच खेळता येणारा गेम बाजारातून काढला. २३ ऑगस्ट २०२४ ला आलेला गेम ६ सप्टेंबरला बंद झाला आणि ज्यांनी डिस्क घेतली होती त्यांच्याकडे निव्वळ प्लास्टिक उरले. सोनीने पूर्ण पैसे परत केले, ही त्यातली चांगली बाजू. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २ या कन्सोलसाठी काही गेम 'की कार्ड' स्वरूपात विकले जातात. कार्ड हातात असते, पण त्यात गेम नसतो, तो इंटरनेटवरूनच उतरवावा लागतो. उलट फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन कन्सोलची इंटरनेट सेवा, प्लेस्टेशन नेटवर्क, जगभर सुमारे एक दिवस ठप्प होती, तेव्हा एकट्याने खेळायचे गेम सीडीवर असलेल्यांचा खेळ चालू राहिला. आता मी खोक्यावर सीडी आहे का, हे पाहत नाही. सर्व्हर नसताना हा गेम चालेल का, एवढे शोधतो आणि मगच पैसे देतो.

नीट वागणाऱ्या कंपन्याही आहेत आणि त्यांचा उल्लेख केला नाही तर अन्याय होईल. गूगलने जानेवारी २०२३ मध्ये स्टेडिया ही इंटरनेटवरून थेट गेम खेळण्याची सेवा बंद केली तेव्हा गेम आणि उपकरणे, दोन्हींचे पैसे परत दिले, शिवाय कंट्रोलर ब्लूटूथवर चालावा म्हणून अपडेटही दिले. 'द क्रू'वरून झालेल्या विरोधानंतर युबिसॉफ्टनेही पुढच्या दोन भागांत इंटरनेटविना खेळण्याची सोय देण्याचे जाहीर केले. 'सायबरपंक २०७७' हा गेम डिसेंबर २०२० मध्ये इतक्या वाईट अवस्थेत आला की सोनीने आठवडाभरातच तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत केले. पुढची जवळपास तीन वर्षे त्याच्या निर्मात्यांनी तो दुरुस्त केला आणि सप्टेंबर २०२३ चे मोठे अपडेट कोणतेही जादा पैसे न घेता दिले. तो गेम मी यंदाच्या उन्हाळ्यात कन्सोल पुण्यात असताना मावसभावाकडे जाऊन खेळलो आणि सलग तीन रात्री जागलो. गॉग या दुकानातून संगणकासाठी गेम घेतला तर त्याची इन्स्टॉल करण्याची फाइल आपल्याकडे उतरवून ठेवता येते आणि पुढे कोणालाही विचारावे लागत नाही. मला कन्सोलकडून हीच सोय हवी आहे.

मराठवाड्यातील कोणी हा प्रकार घेणार असेल तर स्टॅबिलायझर पहिल्या दिवशी घ्यावा. यंत्र दुरुस्तीला देण्याआधी, ते चालू होत नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून, 'मुख्य' नोंद काढून घ्यावी, आणि बदलून मिळालेल्या यंत्रावर ती झाल्याचे काउंटरवरच तपासून घ्यावे. वर्षाच्या आत बिघाड झाल्यास पुण्याच्या फेऱ्यांचा खर्च धरून चालावे, माझा दोन फेऱ्यांचा खर्च २,१०० रुपये झाला.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी राउटरची वायर काढतो आणि मुलीच्या खात्यावरून एकेक गेम उघडून पाहतो. परवा एकट्याने खेळायच्या पाचांपैकी चार लगेच सुरू झाले. पाचवा त्याच्या निर्मात्याच्या वेगळ्या खात्यात लॉगिन मागून थांबला. त्याविषयीचे पत्र मी काल पाठवले आहे.