जेड कुजतंय: कुंडी बदलावी की फांदी छाटून लावावी?

जुलै संपता संपता कुंडीतल्या जेडची, म्हणजे जाड, रसाळ पानांच्या त्या झाडाची, पानं सुरकुततात, दोन-चार गळतात आणि आपला हात पाण्याच्या तांब्याकडे जातो. आधी तो आवरा. सुरकुतलेल्या पानांची दोन कारणं असतात, आणि ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एक तर झाडाला पाणी मिळालेलं नाही, नाहीतर मुळं कुजल्यामुळे भोवती पाणी असूनही त्याला ते ओढून घेता येत नाही. दोन पेरं बोट मातीत घाला. माती ठणठणीत कोरडी असेल तर एकदा भरपूर पाणी द्या, काही दिवसांत पानं पुन्हा भरतात. ओली असेल तर मात्र त्याच दिवशी झाड कुंडीतून बाहेर काढा.

आता मातीलगतचा बुंधा चिमटीत दाबून बघा.

बुंधा टणक असेल आणि थोडी तरी पांढरट, घट्ट मुळं शिल्लक असतील तर कुंडी बदलणं बरं. काळी, लिबलिबीत मुळं कापून टाका, उरलेली दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या. नर्सरीतली चिकट लाल माती पुन्हा वापरू नका, खरा घात तीच करते. निम्मी माती आणि निम्मी जाड वाळू, परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे) किंवा विटेचे बारीक तुकडे असं मिश्रण करा. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. भोक असलेली मातीची कुंडी घ्या, खाली बशी ठेवू नका आणि आठवडाभर पाणी देऊ नका. या उपायात झाडाचा आकार आणि जुना जाड बुंधा वाचतो.

बुंधा जरासाही मऊ लागला तर छाट कलमच करा. बुरशीनाशक ओतून मऊ झालेला भाग परत टणक होत नाही. स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने वरची निरोगी फांदी कापा आणि काप नीट बघा. आत तपकिरी ठिपका किंवा कडं दिसलं तर आणखी वर कापा, अगदी स्वच्छ हिरवट काप मिळेपर्यंत. मग फांदी सावलीत वाऱ्यावर ठेवा: एरवी पाच-सात दिवस, पावसाळ्यात दहासुद्धा. मुळांशिवाय ती इतके दिवस तग धरते, कारण जेड आपली पर्णरंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) मुख्यतः रात्री उघडतं आणि पाणी जपून वापरतं. कापावर कोरडी खपली धरली की जेमतेम ओलसर मिश्रणात खोचा. साधारण तीन-चार आठवड्यांत मुळं फुटतात. जुन्या बुंध्याची जाडी भरून यायला मात्र वर्षं लागतात, आणि छाटताना हात अडतो तो त्यामुळेच.

माझाही अडला होता. आईच्या जेडचा बुंधा एका बाजूने मऊ झाला होता, तरी मी नुसती कुंडी बदलून दोन आठवडे वाट बघितली. तोवर कूज फांद्यांत चढली आणि वीतभर शेंडाच हाती लागला. तोही उशिरा, पण रुजला.

हॉवर्थिया आणि एचेव्हेरिया हीही जेडसारखीच रसाळ पानांची झाडं. हॉवर्थियाला छाटायला फांदीच नसते. तिथे मुळं साफ करून नव्या मिश्रणात लावायचं आणि बाजूची निरोगी पिल्लं वेगळी करायची. एचेव्हेरियाचा शेंडा मात्र जेडसारखाच कापून रुजवता येतो.

बुंधा टणक आहे की मऊ हे ठरत नसेल तर दोन्ही करा: कुंडी बदला आणि त्याच दिवशी एक चांगली फांदी कापून सुकायला ठेवा.