विनगेट की चॉकलेटी? पन्नास-साठ मशीन सांभाळणाऱ्यांसाठी

विनगेट आणि चॉकलेटी ही दोन्ही विंडोजवर आज्ञा टाइप करून सॉफ्टवेअर बसवण्याची आणि अपडेट करण्याची साधनं. विनगेट खुद्द मायक्रोसॉफ्टचा, चॉकलेटी बाहेरचा. यातलं कोणतं घ्यावं, हे स्वतःच्या एका लॅपटॉपसाठी विचारत असाल तर विनगेट घ्या आणि मोकळे व्हा. विंडोज ११ मध्ये तो आधीपासून बसलेला असतो आणि ‘विनगेट अपग्रेड ऑल’ एवढ्यात काम होतं. प्रश्न अवघड होतो तो मशीनची संख्या वाढली की. तुम्ही प्रत्येक मशीनसमोर बसणार नसता, अपडेट रात्री व्हायला हवेत, आणि सकाळी कोणी विचारलं तर ते झाले की नाही हे तुम्हाला ठामपणे सांगता यायला हवं.

माझ्याकडे साठेक मशीनची लॅब आहे. सगळी डोमेनमध्ये, म्हणजे एकाच मध्यवर्ती व्यवस्थेखाली, आहेत, बहुतेक विंडोज ११, काही विंडोज १०, शिवाय दोन जुने सर्व्हर. एकेका मशीनवर दिवसभरात पाच-सहा जण बसतात. मी सुरुवात विनगेटने केली, वर्षभर तोच चालवला आणि मग चॉकलेटीवर आलो. हे आधीच सांगतो, म्हणजे माझा कल कुठे आहे ते धरूनच पुढचं वाचाल.

विनगेटची एक गोष्ट मला आजही मनापासून आवडते. तो मशीनवर आधीच असलेलं सॉफ्टवेअर ओळखतो. कंट्रोल पॅनेलमधल्या प्रोग्रॅमच्या यादीशी तो आपली यादी ताडून पाहतो, त्यामुळे कोणी कधीतरी हाताने बसवलेली गोष्टही ‘अपडेट उपलब्ध’ म्हणून समोर येते. एखादी लॅब नव्याने ताब्यात आली आणि आधीच्या माणसाने काय काय बसवलंय याचा पत्ता नसला, तर पहिल्या दिवशी विनगेटसारखं दुसरं काही नाही. चॉकलेटीला हे जमत नाही. त्याला फक्त त्याने स्वतः बसवलेलं माहीत. मी त्याच्याकडे आलो तेव्हा पंचवीस सॉफ्टवेअर पुन्हा एकदा त्याच्यामार्फत वरून बसवावी लागली. बहुतेक जागच्या जागी अपडेट झाली, पण पायथॉनची जुनी आवृत्ती नवीच्या शेजारी तशीच राहिली आणि ती शोधून काढण्यात एक आठवडा गेला.

विनगेटची यादीही मोठी आहे आणि ती गिटहबवर उघडी आहे. प्रत्येक सॉफ्टवेअरची यॅमल नावाच्या साध्या मजकूर-प्रकारातली फाइल असते, तिच्यात डाउनलोडचा दुवा आणि हॅश, म्हणजे फाइल बदललेली नाही हे तपासण्याची खूण. काय बसणार आहे ते कोणालाही वाचून पाहता येतं. चॉकलेटी २०११ पासून आहे, नूगेट या मायक्रोसॉफ्टच्या पॅकेज-पद्धतीवर उभा आहे, आणि त्याच्या पॅकेजात चक्क पॉवरशेलची, म्हणजे विंडोजच्या आज्ञा-भाषेतली, स्क्रिप्ट असते. त्यामुळे पॅकेज बनवणाऱ्याला हवं ते करता येतं, आणि नेमकं त्यामुळेच तुम्हाला ती स्क्रिप्ट वाचावी लागते. त्याच्या सार्वजनिक साठ्यात, म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या पॅकेजच्या ऑनलाइन कोठारात, पॅकेज तपासण्याची पद्धत आहे, तरी साठ मशीनवर ॲडमिन हक्काने चालणारी गोष्ट मी न वाचता सोडत नाही.

माझा निर्णय मात्र यातल्या कशावरूनच झाला नाही.

विनगेट हा वापरकर्त्याचा प्रोग्रॅम आहे. ‘ॲप इन्स्टॉलर’ नावाच्या ॲपमधून तो येतो, आणि हे ॲप प्रत्येक वापरकर्त्यासाठी वेगळं नोंदवलं जातं. नवीन मशीनवर कोणी पहिल्यांदा लॉगिन करेपर्यंत ती नोंदणीच झालेली नसते. ‘विनगेट’ असं टाइप केल्यावर जे चालतं, तो त्या वापरकर्त्याच्या फोल्डरमधला एक आडदुवा, म्हणजे खऱ्या फाइलकडे नेणारं टोपणनाव, असतो. समोर माणूस बसलेला असेल तर हे कधी जाणवतही नाही. पण माझ्याकडे रात्री दोन वाजता टास्क शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारा विंडोजचा भाग, काम सुरू करतो ते ‘सिस्टिम’ या विंडोजच्या स्वतःच्या अंतर्गत खात्याने. त्या खात्याला असा आडदुवा नसतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीने विनगेट नावाची आज्ञाच अस्तित्वात नसते.

मला हे कळलं ते असं. सेव्हन-झिप हा दाबून एकत्र केलेल्या फाइली (आर्काइव्ह) उघडणारा प्रोग्रॅम स्वतःहून अपडेट होत नाही, त्यामुळे अपडेटची यंत्रणा चालते की नाही हे त्याच्यावरून लगेच कळतं. २४.०९ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये एक गंभीर उणीव होती. इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज जी खूण ठेवतं, ती आर्काइव्ह उघडताना आतल्या फाइलींवर उतरत नव्हती. हे वाचल्यावर मी खात्रीसाठी एका मशीनवर जाऊन पाहिलं, तर तिथे २३.०१. शेजारच्या मशीनवरही २३.०१. टास्क शेड्युलर उघडला तर गेल्या कित्येक रात्रींच्या नोंदी हिरव्यागार, निकाल शून्य, म्हणजे सगळं सुरळीत. माझ्या स्क्रिप्टमध्ये विनगेटची ओळ होती आणि तिच्याखाली ‘काम पूर्ण’ असं लॉगमध्ये लिहिणारी ओळ. पॉवरशेलला विनगेट सापडला नाही, त्याने ती चूक कोणी पाहत नसलेल्या पडद्यावर छापली, पुढच्या ओळीवर गेला, ‘काम पूर्ण’ लिहिलं आणि शून्य परत देऊन बाहेर पडला. किती आठवडे हे चाललं होतं ते लॉगवरून मोजताना मला खरोखर वाईट वाटलं. त्या मशीन माझ्या भरवशावर होत्या.

यावर उपाय आहे, आणि तो मी केला. प्रोग्रॅम फाइल्समधल्या ‘विंडोजॲप्स’ फोल्डरात विनगेटची खरी फाइल असते, ती पूर्ण पत्त्याने बोलवायची. पण त्या फोल्डरच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक असतो, म्हणजे ॲप अपडेट झालं की पत्ता बदलतो. कधी जुना आणि नवा असे दोन फोल्डर एकत्र दिसतात, तेव्हा नवा कोणता ते स्क्रिप्टने ठरवायचं. तेही जमवलं. मग काही मशीनवर व्हिज्युअल सी प्लस प्लसची रनटाइम फाइल नाही म्हणून विनगेट सुरूच होईना. ती आधी बसवली. मग लक्षात आलं की लॉगसुद्धा खात्याप्रमाणे वेगवेगळ्या जागी पडतात. एक गाठ सोडवली की आत दुसरी, असं ते महिनाभर चाललं.

याच गोष्टीचं दुसरं रूप व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये दिसतं. विनगेटने साधेपणी बसवला तर तो ज्याने बसवला त्याच्यापुरता बसतो. पुढचा माणूस त्याच मशीनवर लॉगिन करतो आणि त्याला तो दिसत नाही. ‘स्कोप मशीन’ असं सांगितलं की सर्वांसाठी बसतो, पण हे प्रत्येक सॉफ्टवेअरच्या बाबतीत आठवणीने बघावं लागतं, आणि काहींना तो पर्यायच नसतो.

चॉकलेटी मशीनचा आहे. तो प्रोग्रॅमडेटा या सर्वांच्या सामायिक फोल्डरमध्ये बसतो, त्याचा पत्ता मशीनच्या पाथमध्ये, म्हणजे विंडोज आज्ञा शोधतो त्या जागांच्या यादीत, असतो, आणि त्याला कोणी बोलवलं याने त्याला फरक पडत नाही. मी लॉगिन करून चालवला काय, सिस्टिम खात्याने रात्री चालवला काय, वागणूक तीच. लॉग एकाच फाइलमध्ये, प्रत्येक मशीनवर त्याच जागी. ‘चोको अपग्रेड ऑल’ (चोको ही चॉकलेटीची आज्ञा) चालू असताना एखादं पॅकेज फसलं तर बाकीची पुढे सरकतात, आणि शेवटी शून्याखेरीज वेगळा आकडा परत येतो. माझी स्क्रिप्ट आता तोच आकडा पुढे शेड्युलरला देते. मशीन रीस्टार्ट करायची गरज असेल तर ३०१० येतो. सकाळी चहाआधी मी फक्त हे आकडे पाहतो.

चॉकलेटीची कटकट वेगळी आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. सार्वजनिक साठ्यातूनच साठ मशीन अपडेट करायला गेलात तर ते चालणार नाही. सगळ्या मशीन बाहेरच्या जगाला एकाच पत्त्याच्या दिसतात, मर्यादा ओलांडली जाते आणि ४२९ ही ‘फार विनंत्या झाल्या’ अशी चूक येऊ लागते. त्यांनी हे स्पष्ट लिहून ठेवलंय, संस्थांनी स्वतःचा साठा उभारावा असंही सांगितलंय. शिवाय बरीच सार्वजनिक पॅकेजेस मूळ इन्स्टॉलर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून त्या क्षणी उतरवतात. उत्पादकाने दुवा तोच ठेवून आतली फाइल बदलली की चेकसम, म्हणजे हॅशच, जुळत नाही आणि काम थांबतं. हा त्रास विनगेटलाही आहे, तिथेही हॅश जुळत नाही म्हणून अडतंच. दोन्हीकडे अडणं योग्यच आहे, तपासणी बंद करून पुढे जाऊ नका.

स्वतःचा साठा उभारणं मात्र मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप सोपं निघालं. सुरुवातीला एक शेअर केलेलं फोल्डरही पुरतं. फक्त एक काळजी घ्या. सिस्टिम खातं नेटवर्कवर मशीनच्या नावाने जातं, म्हणून त्या फोल्डरवर वाचण्याची परवानगी ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ या गटाला द्यावी लागते. डोमेन नसेल तर ही युक्ती चालत नाही, मग एचटीटीपीवरचा नूगेट फीड, म्हणजे वेब सर्व्हरवरून पॅकेज देणारा साठा, लागतो. सार्वजनिक स्रोत बंद करायचा, इन्स्टॉलर पॅकेजच्या आतच ठेवायचा, म्हणजे बाहेर काही बदललं तरी आपलं अडत नाही. इन्स्टॉलर एमएसआय या विंडोजच्या ठरलेल्या प्रकारातला असेल तर काम पाच मिनिटांचं. एक्झे असेल तर त्याचा गुपचूप बसण्याचा पर्याय शोधावा लागतो. सेव्हन-झिपच्या एक्झेला मोठा एस लागतो, छोटा चालत नाही. माझे आठवड्याला साधारण दोन तास यात जातात. इन्स्टॉलर उतरवतो, सही तपासतो, आवृत्तीचा आकडा बदलतो, पॅक करतो, दोन चाचणी मशीनवर सोडतो, दुसऱ्या दिवशी सगळीकडे.

हे दोन तास काहींना परवडणार नाहीत, आणि ते मला समजतं. तुमच्याकडे इंट्यून, म्हणजे मशीन दुरून सांभाळण्याची मायक्रोसॉफ्टची सेवा, असेल तर तिथला नवा स्टोअर ॲपचा प्रकार विनगेटच्याच यंत्रणेवर चालतो आणि सिस्टिम खात्याचं झेंगट आपल्या अंगावर घेतो. मग मी सांगितलेली मोठी अडचण त्या ॲपपुरती उरत नाही. मशीन पंधराच्या आत असतील, प्रत्येकावर ठरलेला एकच माणूस बसत असेल, तरीही विनगेट चालेल. अपडेट त्या माणसाच्या लॉगिनवर चालवा. जुने सर्व्हर असतील तर मात्र विचार करा. विनगेट सर्व्हर २०२५ पासून सोबत येतो, त्याआधीच्यांवर तो बसवण्यातच वेळ जातो. चॉकलेटी माझ्या दोन्ही सर्व्हरवर पहिल्या प्रयत्नात बसला.

स्कूप या अशाच तिसऱ्या साधनाबद्दलही विचारणा होते. तो वापरकर्त्याच्या घरातच सगळं ठेवतो, ॲडमिन हक्क मागत नाही, आणि माझ्या स्वतःच्या मशीनवर कमांड लाइनची साधनं त्याच्यातूनच येतात. अनेकांनी वापरायच्या लॅबसाठी तो बनलेला नाही.

अजून ठरत नसेल तर एक दुपार काढा. एका मशीनवर दोन्ही बसवा. पीएसएक्झेक या मायक्रोसॉफ्टच्या छोट्या साधनाला ‘एस’ हा पर्याय देऊन सिस्टिम खात्याची कमांड विंडो उघडा आणि ‘हूॲमआय’ टाकून आपण खरोखर त्या खात्यात आहोत हे पाहून घ्या. मग आधी विनगेटला आणि नंतर चोकोला सेव्हन-झिप अपडेट करायला सांगा, आणि प्रत्येक वेळी परत आलेला आकडा तपासा. तुमच्या मशीन रात्री ज्या अवस्थेत असतात, तीच अवस्था ती असेल.