घर भाड्यानं द्यायचा 'परवाना': 8,500 रुपयांचा गोल शिक्का

घर आपलं, भाडेकरू आपण ठेवणार, अन् लायसन्स मात्र आपणच पैसे भरून काढायचं! 'घर भाड्यानं द्यायला लायसन्स लागतं' असं एका एजंटनं सांगितलं, अन् या एका शब्दापायी 8,500 रुपये गेले. लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, त्यातलं लायसन्स म्हणजे मालकानं भाडेकरूला दिलेली राहायची मुभा. ते मालक देतो, घेत नाही.

वणी-भद्रावती पट्ट्यात कोळसा खाणींमुळं खेड्यातल्या खोल्यांनाही गिऱ्हाईक असतं, तिथं हा धंदा फोफावतो. पावती अशी होती: परवाना फी 5,000, नोंदणी 1,000, मुद्रांक 1,000, पोलीस पडताळणी 1,500. एजंटनं भीती घातली ती भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 ची: तीन महिने कैद किंवा 5,000 रुपये दंड. कलम खरं आहे. पण त्यात करार लेखी करून नोंदवा असं आहे, नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा परवाना काढा असं कुठंही नाही. अर्धं खरं बोलणारा एजंट असला की शिकलेला माणूसही मान डोलावतो, त्यात लाजायचं काय? तरी लाज वाटते.

कारण पावतीवरच लिहिलं होतं, 'मनपा क्षेत्र, नोंदणी फी 1,000'. मनपा! गावाला ग्रामपंचायत, घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, अन् फी शहराची. ग्रामीण भागात ही नोंदणी फी 500 आहे. तो एक शब्द वाचला असता तर तिथंच उठता आलं असतं. वाचला होता, हीच तर चीड आहे. 'छापील पावती आहे, चुकलं असेल' म्हणून सोडून दिला.

मुद्रांकाचा हिशेबही कागदावर दोन मिनिटांत होतो. भाडं 4,500, अकरा महिने, म्हणजे 49,500. परत करायच्या 10,000 अनामतीवर 10 टक्क्यांनी अकरा महिन्यांचं व्याज साधारण 917. बेरजेचे 0.25 टक्के म्हणजे 126 रुपये. वरच्या शंभरात धरले तरी 200. इथं 1,000 घेतले! दस्त हाताळणीचे अन् ऑपरेटरचे पैसे वेगळे, पण ते आधी बोलून घ्यायचे.

चलनावर जीआरएन (सरकारी भरण्याचा क्रमांक) नसेल तर सरकारला पैसे गेलेलेच नाहीत, असं समजा. ऑनलाइन नोंदणीत मालक, भाडेकरू अन् ओळख देणारे यांचे अंगठे मशीनवर लागतात, फोटो निघतो. इथं भाडेकरूला बोलावलंच नाही. "मी पाहून घेतो, तुम्ही काहून त्रास घेता?" ही माया महागात पडली. खऱ्या दस्ताला नोंदणी क्रमांक असतो, इंडेक्स-2, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, निघतो. हाती आला तो गोल शिक्क्याचा कागद.

पोलीस पडताळणीचे 1,500 तर निव्वळ लूट. भाडेकरूची माहिती ठाण्यात किंवा राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर स्वतः देता येते.

अन् मग फेऱ्या. ठाण्यात म्हणे हा दिवाणी मामला, निबंधकाकडं जा. निबंधकाकडं म्हणे आमच्याकडं दस्तच आला नाही, आम्ही काय करणार? बरोबर आहे, दस्त आला असता तर तक्रार कशाला असती! ग्रामपंचायतीत म्हणे, शिक्का आमचा नाही. मग 'शिक्का आमचा नाही' एवढंच लेखी द्या म्हटलं, तर साहेब मीटिंगला. एसटीचं भाडं, दिवसाची मजुरी, झेरॉक्स, हे त्या 8,500 च्या वर. खोटा सरकारी शिक्का मारणं दिवाणी कसं, हे कोणी सांगत नाही.

ठाण्यात तक्रार घेत नसतील तर तीच लेखी तक्रार टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ती सोय आहे, पुढं दंडाधिकाऱ्यांकडंही जाता येतं. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर 1930 वर त्याच दिवशी फोन लावा. इथं 8,500 पैकी 3,000 रोख होते, त्याचा पुरावा फक्त ती पावती. ती मूळ पावती ठाण्यातही पोच घेतल्याशिवाय सोडू नका. आधी झेरॉक्स द्या अन् त्यावर सहीशिक्का मागा. 'नंतर देतो' म्हटलं तर तिथंच बसून राहा.