पत्रकारितेच्या एम.ए.ला मिळणारी शैक्षणिक मदत: आठ महिने वापरल्यानंतर

जुलैमध्ये लघुप्रबंधाचा विषय ठरला: बहात्तरच्या दुष्काळाच्या मराठी दैनिकांतल्या बातम्या. माझी आजी तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, सुकडी खाऊन दिवस काढायची. त्यामुळे मला हाच विषय हवा होता. मार्चमध्ये प्रबंध जमा केला. मधल्या काळात विद्यार्थ्यांसाठी म्हणून असलेली जवळजवळ प्रत्येक सोय वापरली, त्याचा हा अनुभव.

सगळ्यात मोलाचा ठरला तो वेळापत्रकात अगदी शेवटी टाकलेला कॉपी वाचनाचा तास. एक निवृत्त वृत्तसंपादक येतात आणि आपली कॉपी, म्हणजे आपण लिहिलेला मजकूर, समोर ठेवून एकेक वाक्य मोठ्याने वाचतात. माझ्या पहिल्या प्रकरणात 'मजुरांचे अतोनात हाल झाले' असं वाक्य होतं. सर थांबले. म्हणाले, "हे तुला कोणी सांगितलं? बातमीत मजूर बोलतोय का कुठं?" मी परत टिपणं काढून बसले. मंत्री बोलत होते, जिल्हाधिकारी बोलत होते. खडी फोडणारी बाई मला सापडेना. त्या एका प्रश्नाने अख्खा प्रबंध वळला आणि शेवटचं प्रकरण मी आजीसोबत काम केलेल्या बायकांच्या मुलाखतींवर लिहिलं. वर्गात आम्ही तीसजण आहोत, या तासाला मात्र चार-पाचच येतात. याचं मला खरंच वाईट वाटतं.

जुन्या अंकांसाठी शहरातल्या एका ग्रंथालयात जात होते. विभागाचं पत्र नेलं की बांधीव फायली बघायला मिळतात. कागद इतका ठिसूळ झालाय की पान दोन्ही हातांनी उलटावं लागतं. तिथल्या ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, फोटो काढण्याआधी तारीख आणि पान क्रमांक वहीत लिही. ते ऐकलं नसतं तर शेवटी संदर्भ जुळवता आले नसते.

वाचन इंग्रजीत आणि लेखन मराठीत, ही मराठी माध्यमातून आलेल्या आम्हा मुलींची खरी अडचण. भाषा संचालनालयाचा वृत्तपत्रविद्या परिभाषा कोश ऑनलाइन बघता येतो, हे मला नोव्हेंबरमध्ये कळलं. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगायला हवं होतं. शोधगंगावर पीएच.डी.चे प्रबंध मोफत मिळतात. मी आधी संदर्भसूचीची फाइल उघडायचे, त्यातून पुढची पुस्तकं सापडत गेली. मराठी विषय शोधताना देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिप्यांत शोधा.

माहिती अधिकाराची एक दिवसाची कार्यशाळा झाली, तीही कामी आली. एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्द, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तराची मुदत ३० दिवस. मी एका कार्यालयाकडे त्या वर्षांतल्या कामांच्या नोंदी मागितल्या, तर 'अभिलेख उपलब्ध नाही' एवढंच उत्तर आलं. कार्यशाळा संपून महिना झाला होता, तरी मॅडमनी बसवून पहिलं अपील लिहून घेतलं.

नाराजी एकाच गोष्टीबद्दल आहे आणि ती मोठी आहे. साम्य तपासणीचा, म्हणजे आपला मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो याचा, अहवाल आम्हाला प्रबंध जमा करायच्या दोन दिवस आधी मिळाला. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, आणि श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर त्यात धरायचा नसतो. माझ्या अहवालात अवतरणात दिलेले बातम्यांचे मथळेसुद्धा मोजले गेले होते. ते वगळून घेण्यात एक रात्र आणि एक दिवस गेला. मैत्रिणीला तर रडू कोसळलं. ही तपासणी प्रकरणागणिक व्हायला हवी, तसा लेखी अर्ज आम्ही दिला आहे.

कॉपी वाचनाचा तास सध्या शुक्रवारी तीन ते पाच असतो. कॉपी छापून न्या, आणि दोन ओळींत भरपूर जागा सोडा. सर पेन्सिलीने लिहितात.