जुना क्यूब ठेवायचा की टॅब्युलरवर जायचं?

हा प्रश्न अलीकडे मला बऱ्याच जणांनी विचारला. कंपनी वेगळी, परिस्थिती तीच. दहा-बारा वर्षांपूर्वी कुणीतरी मन लावून मायक्रोसॉफ्टच्या ॲनालिसिस सर्व्हिसेस या डेटा विश्लेषणाच्या सर्व्हरवर मल्टिडायमेन्शनल क्यूब बांधला, म्हणजे आकडे महिना, विभाग अशा अनेक बाजूंनी बघता येतील अशी रचना. तो आजही चालतोय, अकाउंट्स विभागाचं एक्सेल त्याच्याच जिवावर आहे, आणि आता वरून पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवण्याच्या साधनाचा आग्रह सुरू झालाय.

माझं मत आधीच सांगतो. काम नवीन असेल तर टॅब्युलर (याच सर्व्हरचा टेबलांवर चालणारा नवा प्रकार) घ्या. चालता क्यूब असेल तर मोडण्याआधी बजेट आणि खात्यांची उतरंड या दोन गोष्टी तपासा.

दोघांचा स्वभाव वेगळा का, हे त्यांच्या जन्मकाळावरून कळतं. मायक्रोसॉफ्टने 1996 मध्ये पॅनोरमा या इस्रायली कंपनीकडून ओलॅपचं, म्हणजे मोठा डेटा अनेक बाजूंनी झटपट तपासण्याचं, तंत्र विकत घेतलं आणि 1998 मध्ये एसक्यूएल सर्व्हर 7 बरोबर बाजारात आणलं. तेव्हा मेमरी महाग होती. म्हणून बेरजा रात्रीच करून डिस्कवर ठेवायच्या आणि सकाळी तयार उत्तर द्यायचं, अशी क्यूबची रीत. टॅब्युलर सर्व्हरवर आलं 2012 मध्ये. ते प्रत्येक कॉलम दाबून मेमरीत ठेवतं आणि बेरीज विचारल्या क्षणी करतं.

हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो तो वेगवेगळे ग्राहक मोजताना. एप्रिलमध्ये 10 दुकानांनी माल घेतला, मेमध्ये 8 दुकानांनी. दोन महिन्यांची मिळून दुकानं 18 होतीलच असं नाही, कारण काही दुकानं दोन्हीकडे असतात. आधी करून ठेवलेल्या बेरजा इथे कामाला येत नाहीत. क्यूबमध्ये अशा मोजणीसाठी वेगळा मेजर ग्रुप (मेजर म्हणजे मोजायचा आकडा) ठेवावा लागतो आणि डेटा वाढला की तो दमतो. टॅब्युलरला हे काम सहज जमतं. विक्री विभागाचे बहुतेक प्रश्न याच जातीचे असतील, तर निर्णय जवळजवळ झालाच.

पण मेमरीचा हिशेब आधी करा. एका ठिकाणी घाईने केलेलं स्थलांतर मी जवळून पाहिलंय. दिवसभर रिपोर्ट झकास चालायचे आणि रात्रीचं पूर्ण प्रोसेसिंग (डेटा नव्याने भरणं) मात्र अर्ध्यात कोसळायचं. कारण साधं होतं: नवी प्रत तयार होईपर्यंत जुनी प्रत मेमरीत तशीच राहते, म्हणजे जागा दुप्पट किंवा त्याहून जास्त लागते. खरा दोषी निघाला तो बिलाची तारीख आणि वेळ सेकंदापर्यंत एकत्र ठेवणारा कॉलम. टॅब्युलरमध्ये ओळी किती यापेक्षा एका कॉलममध्ये वेगळ्या किमती (व्हॅल्यूज) किती, याला जास्त महत्त्व. वर्षाचे सेकंद होतात 3 कोटी 15 लाख 36 हजार. तोच कॉलम तोडून तारीख वेगळी आणि वेळ वेगळी केली, तर वेगळ्या किमती उरतात 365 आणि जास्तीत जास्त 86,400. वेळ कुणी बघतच नव्हतं, म्हणून आम्ही ती काढूनच टाकली. त्या रात्रीपासून प्रोसेसिंग पडलं नाही.

आता क्यूबची बाजू, आणि ती लहान नाही. बजेटच्या दिवसांत अकाउंट्सचा माणूस एक्सेलच्या पिव्हटमध्ये थेट विभागाच्या चौकटीत 12 लाख टाकतो, आणि क्यूब ती रक्कम खालच्या महिन्यांत वाटून देतो; समान हवी तर समान, गेल्या वर्षीच्या प्रमाणात हवी तर तशी. याला राइटबॅक म्हणतात आणि टॅब्युलरमध्ये तो नाही. दुसरं, खात्यांची उतरंड. पालक खातं, त्याखाली पोटखातं, त्याखाली आणखी एक, आणि प्रत्येकाला अधिक की उणे हे चिन्ह. क्यूबला ही रचना मुळातच समजते. विक्रीतून खर्च वजा होऊन नफा आपोआप वर येतो. टॅब्युलरमध्ये उतरंड पातळ्यांमध्ये सपाट करावी लागते आणि अधिक-उणेचं गणित डॅक्स या टॅब्युलरच्या सूत्रभाषेत हाताने लिहावं लागतं. हे होतं, पण वेळ खातं.

साठ्याचंही तसंच. रोजचा साठा महिनाभर बेरजेला धरला तर येणारा आकडा निरर्थक असतो. शेवटचा शिल्लक साठा हवा असतो. क्यूबमध्ये ही मेजरची एक सेटिंग आहे. डॅक्समध्ये सूत्र निवडताना चूक होते. 31 मार्च 2024 ला रविवार होता. गोदामात त्या दिवशी नोंद झाली नसेल, तर महिन्याच्या शेवटच्या तारखेकडे बघणारं सूत्र वर्षअखेरचा साठा कोरा दाखवतं. शेवटची नोंद असलेली तारीख शोधणारं सूत्र लिहावं लागतं.

पॉवर बीआय जुन्या क्यूबला थेट जोडता येतं, त्यामुळे केवळ त्यासाठी क्यूब मोडू नका. मात्र रिपोर्टमध्ये स्वतःचा नवा मेजर लिहायची सोय टॅब्युलरला आहे, क्यूबला नाही. क्लाउडवर जायचं ठरलं असेल तरी उत्तर एकच, कारण अझुर ॲनालिसिस सर्व्हिसेस फक्त टॅब्युलर घेतं. शिवाय एमडीएक्स ही क्यूबची भाषा लिहिणारी माणसं मिळणं अवघड झालंय. एक दिलासा असा की एक्सेलचे पिव्हट दोन्हींवर चालतात.

या सगळ्याआधी एक काम आहे, ज्याकडे मला वाटतं सर्वात कमी लक्ष दिलं जातं: डेटा वेअरहाऊसमधली (सगळा डेटा जिथे गोळा होतो तिथली) डायमेन्शन टेबलं, म्हणजे दुकान, जिल्हा, तारीख अशी माहिती ठेवणारी टेबलं. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून वेगळा झाला. वसईच्या दुकानाची 2013 ची विक्री कुठल्या जिल्ह्यात दाखवायची? जुन्या ओळीवर पालघर लिहिलं, तर ठाण्याचे जुने आकडे मागे जाऊन बदलतात आणि छापून वाटलेल्या रिपोर्टशी जुळत नाहीत. तारखांसह नवी ओळ ठेवली, तर जुनं ठाण्यातच राहतं, पण 2014 नंतर ठाण्याची विक्री घसरल्यासारखी दिसते. मी दोन कॉलम ठेवतो, तेव्हाचा जिल्हा आणि आजचा जिल्हा. हे टेबलातच नीट नसेल, तर क्यूबही चुकतो आणि टॅब्युलरही.

जायचं ठरलं तर विक्री आणि साठ्याचा भाग आधी न्या, बजेट आणि खाती क्यूबमध्येच राहू द्या. दोन्ही शेजारी-शेजारी चालवा, आणि मार्चअखेरचा साठा दोन्हीकडे पैशापर्यंत जुळेस्तोवर विक्रीचा जुना भाग बंद करू नका.