८×४२ दुर्बीण, केनियाची काटकसरी सफारी आणि त्यानंतरचे आठ महिने

जून २०२४ मध्ये मी आणि बायको केनियाला जाऊन आलो. नऊ दिवस, विमान धरून माणशी १ लाख ७ हजार. त्याच दिवसांसाठी पॅकेज टूरवाले अडीच लाखाच्या खाली बोलत नव्हते. हे पैसे कसे वाचले ते सांगतोच, पण हा रिव्ह्यू मुळात त्या ट्रिपसाठी घेतलेल्या दुर्बिणीचा आहे, कारण आता आठ महिने वापरून झाल्यावर वाटतंय की सगळ्या ट्रिपमध्ये सगळ्यात शहाणपणाचा खर्च तोच होता, आणि तोच आम्ही शेवटच्या क्षणापर्यंत टाळत होतो.

साडेअकरा हजारांना घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ह्या रेंजमध्ये चार-पाच कंपन्यांच्या दुर्बिणी दुकानात हातात घेऊन बघितल्या आणि काचेत म्हणावा असा फरक दिसला नाही, आणि खाली ज्या तक्रारी आहेत त्या एकट्या कुणाच्या माथी मारायच्या नाहीत.

८×४२ च का? पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. माझं मन १०×४२ वर होतं, आठापेक्षा दहा बरे असं साधं गणित. दुकानदाराने दोन्ही हातात देऊन रस्त्यापलीकडची पाटी वाचायला लावली. दहापट मध्ये पाटी मोठी दिसते पण नाचते. आणि ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच मिलिमीटर, म्हणजे डोळ्याकडे येणारा उजेडाचा झोत तेवढा रुंद, १०×४२ मध्ये तोच ४.२. दुपारी दोन्ही सारख्याच, पण पहाटे सहाला मसाई मारा ह्या अभयारण्यात शिरताना, जेव्हा सगळं राखाडी असतं, तेव्हा हा फरक डोळ्याला कळतो. शेजारच्या सीटवरच्या जर्मन जोडप्याकडे १०×२५ ची खिशात मावणारी होती, पहिल्या पंधरा मिनिटांनंतर ते आमचीच मागायला लागले.

आता पैशांचं. मसाई माराची एन्ट्री जानेवारी २०२४ पासून परदेशी माणसाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर झालीय. म्हणजे ३० जूनला जे शंभरात दिसतं तेच १ जुलैला दोनशेत. मायग्रेशन, म्हणजे टांझानियातून येणारे विल्डबीस्टचे प्रचंड कळप, जुलैपासून येतं म्हणून दुप्पट, ते ठीक, पण सिंह, हत्ती, जिराफ काही मायग्रेशनला जात नाहीत, ते तिथेच असतात. आम्ही जूनचा पहिला आठवडा धरला. दुसरी गोष्ट, रिझर्व्हच्या बाहेर राहिलात तर तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६, बारा तासांचंच. नैरोबीहून निघून सेकेनानी गेटजवळच्या तंबूत पोचेपर्यंत दुपारचे तीन वाजतात, मग बहुतेक जण संध्याकाळच्या दोन तासांसाठी अख्खे १०० डॉलर भरतात. आम्ही नाही म्हणालो. कॅम्पमागच्या टेकाडावर एका मसाई पोराबरोबर जाऊन बसलो, आणि गेटच्या बाहेरच, फुकटात, दुर्बिणीतून अकरा जिराफ, झेब्रे आणि गुराख्याच्या गायी एकाच चौकटीत बघितल्या. कुंपण नाहीये ना तिथे, जनावरांना गेट कुठे माहितीय.

तीन दिवस दोन रात्री, दोन दिवसांचं तिकीट, तंबू, जेवण आणि सहाजणांत वाटून घेतलेली छत उघडणारी व्हॅन, सगळं मिळून माणशी ४३० डॉलर पडले. त्यातले २०० निव्वळ तिकीट. तंबूत कॉट, ब्लँकेट आणि रात्री दहाला बंद होणारा लाईट. थंडी वाजते बरं का, मारा पंधराशे मीटरच्या वर आहे, आफ्रिका म्हणून अर्ध्या चड्डीवर जाऊ नका.

स्वस्त सफारीत नेमकं काय कमी मिळतं हे कुणी आधी सांगत नाही. लँडक्रूझर मिळत नाही, व्हॅन मिळते, ती खोल चिखलात जात नाही. बाजूला कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे खाजगी राखीव रानं असतात, तिथे रस्ता सोडून जनावराच्या जवळ नेतात, पण त्यांचे दर आपल्या आवाक्यातले नाहीत. मुख्य रिझर्व्हमध्ये रस्ता सोडायला बंदी आहे आणि ड्रायव्हर दंडाला घाबरतो, आणि घाबरावंच. म्हणजे स्वस्तात गेलात की जनावर लांब राहतं. ही लांबी भरून काढायची तर एक तर दीड लाखाची लेन्स, नाहीतर ही दुर्बीण. लेन्सवाला आमच्या व्हॅनमध्ये एक होता, तो तीन दिवस स्क्रीनमध्येच बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारुळावर काहीतरी उभं दिसलं आणि व्हॅनमध्ये चित्ता चित्ता म्हणून कालवा झाला. दुर्बीण लावली तर टोपी. टोपी म्हणजे तिथलं तांबूस-जांभळट हरीण, त्याला वारुळावर चढून पहारा देत उभं राहायची सवयच आहे. सगळे हिरमुसले, ड्रायव्हर गाडी काढणार, पण मला वाटलं हे बेणं एकाच दिशेला इतका वेळ टक लावून का बघतंय. त्याची नजर धरून दुर्बीण हळूहळू उजवीकडे नेली. गवत कमरेएवढं, कारण एप्रिल-मे मध्ये केनियात भयंकर पाऊस झाला होता, मे च्या पहिल्याच तारखेला तालेक नदीचं पाणी नदीकाठच्या कॅम्पांमध्ये घुसलं होतं. त्या गवतात आधी फक्त एक कान. मग चेहरा, डोळ्यापासून तोंडापर्यंत उतरलेली काळी रेघ, काजळ ओघळल्यासारखी. खरोखरचा चित्ता, अडीचशे-तीनशे मीटरवर. पाऊण तास बसलो, आमच्याशिवाय एकही गाडी नाही, कारण नुसत्या डोळ्यांना तिथे गवताशिवाय काहीच नव्हतं. त्याच दिवशी दुपारी रस्त्याला लागून झोपलेल्या सिंहांभोवती सतरा गाड्या मोजल्या, आणि नियम पाचचा आहे!

तेव्हाच एक गोष्ट शिकलो, इंजिन चालू असेल तर दुर्बीण नाचते. ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगायचं, एक पायमोजा सोबत न्यायचा आणि तिथल्या दुकानातून अर्धा किलो राजम्यासारखे दाणे घेऊन त्यात भरून छताच्या कडेवर ठेवायचे, त्यावर दुर्बीण टेकवली की एकदम स्थिर. दाणे शेवटच्या दिवशी कॅम्पच्या किचनमध्ये देऊन टाकले.

परतताना व्हॅन रुतली. ड्रायव्हर म्हणाला ब्लॅक कॉटन, म्हणजे आपली काळी माती, आणि मला हसूच आलं, कारण मी जालन्याचा, काळं रान जूनमध्ये काय करतं हे मला काय सांगता. चाकाला चिखलाचा दुसरा टायर चढलेला. खाली उतरण्याआधी त्याने माझी दुर्बीण मागून घेतली आणि आजूबाजूची सगळी झुडपं दोनदा नीट बघितली, तेव्हा हसू गेलं. मग एका लँडक्रूझरने दोर लावून ओढलं. ड्रायव्हरच्या तोंडी गाडीला गारी आणि दुकानाला दुका, स्वाहिलीच आहे ते, बायकोला त्याचं फार कौतुक.

मारानंतर नैवाशा, मटाटूने, म्हणजे तिथली वडाप. मग हेल्स गेट राष्ट्रीय उद्यान, तेव्हा २६ डॉलर एन्ट्री आणि गेटवर भाड्याने सायकल. सिंहांचा त्रास नाही म्हणून तिथे पायी किंवा सायकलवर फिरू देतात, झेब्र्यांच्या मधून पॅडल मारत जायचं, आख्ख्या ट्रिपमधलं पैसे वसूल तेच. फक्त रानरेडे आहेत, आणि एकटा म्हातारा रेडा कळपापेक्षा वाईट, त्यामुळे प्रत्येक वळणाआधी थांबून दुर्बीण. नाकुरूला (तेव्हा ६० डॉलर) गुलाबी तळं बघायला म्हणून गेलो आणि फ्लेमिंगो मोजके. तलावाचं पाणी गेल्या काही वर्षांत इतकं वाढलंय की जुनं मेन गेटच पाण्यात गेलंय, आणि पाणी वाढून खारटपणा उतरला की त्यांचं शेवाळाचं खाणं कमी होतं, ते दुसऱ्या तळ्यांवर जातात. गेंडे मात्र काळे आणि पांढरे, दोन्ही जातींचे भरपूर दिसले. फ्लेमिंगोची हौस जानेवारीत भिगवणला फिटली, कुंभारगावहून होडी, ह्याच दुर्बिणीतून, आणि खर्च दोघांत मिळून दोन हजाराच्या आत, बायकोने हे मला त्यानंतर किमान सहा वेळा ऐकवलंय.

आता तक्रारी. पुढच्या काचांची रबरी झाकणं नुसती अडकवलेली असतात, एक माराच्या गवतात पडलं ते पडलंच. सोबत आलेला पट्टा मानेला काचतो, पाऊणएक किलो वजन दिवसभर म्हणजे गंमत नाही, सहाशे रुपयांचा खांद्यावरून घालायचा हार्नेस घेतला तेव्हा सुटका झाली. उजव्या डोळ्याचा फिरवून वर येणारा कप चौथ्या महिन्यात ढिला झाला. बायकोला चष्मा आहे, तिला कप पूर्ण खाली लागतो, मला पूर्ण वर, दर दोन मिनिटांनी फिरवून फिरवून तो गेला. दोघांत एक दुर्बीण ही आमची मोठी चूक, चित्त्याच्या पाऊण तासात त्यावरून खरोखर भांडण झालं. जायचं असेल तर दोन घ्या, दुसरी स्वस्तातली का होईना. आणि धूळ बसलेली असताना टीशर्टने काच पुसली, कोटिंगवर बारीक ओरखडे आलेत, तो दोष माझा. आधी मऊ ब्रशने धूळ उडवायची, मगच कापड.

बऱ्याच जणांना दुर्बीण "धूसर" वाटते त्याचं कारण उजव्या डोळ्याची रिंग कुणी लावतच नाही. उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा, मग डावी झाकून फक्त रिंगने उजव्याला. एकदाच करायचं. आमच्या घरी दोघांच्या जागांवर नेलपॉलिशचे दोन ठिपके आहेत.

पुण्याच्या पावसाळ्यात बुरशीची भीती होती, ती आली नाही. आत नायट्रोजन भरलेला आहे, शिवाय लाडवाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिकाच्या पुड्या टाकून ठेवली होती. डिसेंबरमध्ये गुरू पृथ्वीच्या जवळ होता तेव्हा गच्चीच्या कठड्यावर टेकवून त्याचे चंद्रही बघितले, तीन नक्की, चौथ्यावर मतभेद आहेत.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी राहिल्या. मिलिटरी छाप्याचे कपडे केनियात सामान्य माणसाने घालायला बंदी आहे, दुर्बीणसुद्धा साधी हिरवी किंवा काळी घ्या. आणि यलो फीव्हरची लस जायच्या किमान दहा दिवस आधी, सर्टिफिकेट नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडकवून ठेवतात.

पाचपैकी चार देईन. ढिल्या कपाचा पार्ट मागवून तीन आठवडे झालेत, अजून पत्ता नाही, तोवर सायकलच्या जुन्या ट्यूबची रिंग कापून बसवलीय, चालतंय.