लूपमधून बाहेर पडायचं कसं: ब्रेक, फ्लॅग, लेबल की फंक्शन?

हंगामात हिंगणघाटकडच्या जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. त्या रांगेसाठी प्रोग्राम लिहायचा आहे असं धरा. लूप म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा कोडचा भाग. बाहेरचा लूप गाड्यांचा, आतला लूप एका गाडीतून काढलेल्या पाच नमुन्यांचा. एका नमुन्यात ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की ती गाडी बाजूला काढून पुढची घ्यायची. ओलावामापकच उणे आकडा दाखवू लागला तर मात्र पूर्ण रांग थांबवायची. म्हणजे आतल्या लूपमधून दोन वेगळ्या वाटा निघतात, आणि वाचणाऱ्याला त्या वेगळ्या दिसल्या पाहिजेत.

साधा ब्रेक, म्हणजे लूप सोडण्याची आज्ञा, सर्वांत आतला लूप सोडतो. गाडी बाजूला काढायला तो पुरतो, रांग थांबवायला नाही. सी भाषेत स्विच (किमतीप्रमाणे अनेक पर्यायांतून एक निवडणारी रचना) सोडायलाही हाच शब्द आहे. कापसाच्या प्रतीप्रमाणे नमुन्यांच्या लूपमध्ये स्विच घातला, त्यात ब्रेक लिहिला, की फक्त स्विच सुटतो आणि लूप फिरत राहतो. १५ जानेवारी १९९० ला अमेरिकेत एटी अँड टीचं लांब पल्ल्याचं टेलिफोन जाळं सुमारे ९ तास कोलमडलं, त्याच्या मुळाशी सीच्या स्विचमध्ये, इफच्या आत पडलेला असाच एक ब्रेक होता. गो भाषेत केस (स्विचमधला एकेक पर्याय) आपोआप संपते, तरी आतला ब्रेक स्विचलाच लागतो. रस्ट आणि पायथनच्या मॅचमध्ये (तिथली स्विचसारखी रचना) तो थेट लूपला लागतो, आणि आमच्या मते हेच बरोबर आहे.

फ्लॅग, म्हणजे ‘ओली’सारखा खरं-खोटं लक्षात ठेवणारा व्हेरिएबल, सगळ्या भाषांत चालतो, म्हणून नवशिके त्याकडे वळतात. चुका दोन ठिकाणी होतात. एक, ‘ओली’ खरा केला तरी लूपच्या त्या फेरीतल्या खालच्या ओळी चालतातच आणि ओल्या गाडीचीही पावती निघते. दोन, पुढच्या गाडीआधी ‘ओली’ परत खोटा करायचा राहतो; मग एका ओल्या गाडीमागे उभ्या सगळ्या कास्तकारांचा कोरडा माल परत जातो.

पीएचपीत ‘ब्रेक २’ लिहून दोन पातळ्या सोडता येतात. लिहायला सोपं आहे, पण आम्ही ते सुचवणार नाही. उद्या कुणी मध्ये एक लूप किंवा स्विच घातला की तोच २ चुकीच्या पातळीवर थांबतो, आणि भाषा काहीही तक्रार करत नाही.

लेबलमध्ये, म्हणजे लूपला दिलेल्या नावात, ही अडचण नाही. जावा, गो, रस्टमध्ये बाहेरच्या लूपला ‘रांग’ असं नाव द्या. मग ‘ब्रेक रांग’ म्हणजे सगळं थांबवा, ‘कंटिन्यू रांग’ म्हणजे पुढची गाडी. मध्ये कितीही लूप आले तरी अर्थ तोच राहतो. संगणकशास्त्रज्ञ एस. राव कोसराजू यांनी १९७३ मध्येच दाखवलं होतं, की एका पातळीच्या ब्रेकने जे जमत नाही ते अनेक पातळ्यांच्या ब्रेकने जास्तीचा व्हेरिएबल न आणता जमतं.

पायथनमध्ये लेबल नाही. २००७ मध्ये तसा प्रस्ताव आला होता. पायथनचे निर्माते गीदो व्हान रॉसम यांनी तो नाकारला. इतका गुंतलेला कोड क्वचितच लागतो आणि बहुतेक वेळा रिटर्नने (फंक्शनमधूनच बाहेर पडून) तो नीट लिहिता येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पायथनमध्ये फॉर लूपला जोडलेला एल्स आहे, तो ब्रेक न लागल्यास चालतो. पण नमुन्यांची यादी रिकामी असली तरीही तो चालतो, म्हणजे न तपासलेली गाडी पास होते. संख्या पाच आहे का, हे आधीच बघा.

म्हणून पायथन आणि सीमध्ये आतला लूप वेगळ्या फंक्शनमध्ये काढा. जावा, गो, रस्टमध्ये आतला लूप दहा-बारा ओळींत बसत असेल तर लेबल ठेवा, त्याहून लांबला तर तिथेही फंक्शनच. फंक्शनने नुसतं खरं-खोटं परत देऊ नये. ‘ठीक’, ‘ओली’, ‘मापक बिघडला’ असे तीन निकाल द्यावेत, नाहीतर दोन वाटा पुन्हा एक होतात. आणि सीमध्ये हे निकाल बाहेरच्या लूपमध्ये इफने तपासा. स्विचने तपासले तर ‘मापक बिघडला’चा ब्रेक पुन्हा स्विचलाच लागेल आणि रांग पुढे सरकत राहील.